एका मजल्यासाठी सोलापूर

सोलापूरला मी पूर्वी चार-पाच वेळा गेलो होतो, पण दर वेळी लग्नाला नाहीतर मयताला. अशा प्रसंगी गाव दिसत नाही, नातेवाईक तेवढे दिसतात. यंदा हिवाळ्यात मात्र सहा दिवस राहिलो आणि गाव नीट पाहिलं, तेही घरबांधणीच्या निमित्तानं. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिला राहत्या घरावर एक मजला चढवायचा होता आणि परवानगी मिळत नव्हती. मी नाशिकला नगररचनेच्या कार्यालयात एकतीस वर्षं आरेखक होतो. म्हणजे साहेब जे ठरवतील ते कागदावर रेषांत उतरवणारा माणूस. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण अक्काच्या लेखी माझं वजन अजून शाबूत आहे. तिचा फोन आला, "सुधा, जन्मभर लोकांचे नकाशे काढलेस. आता बहिणीचा एक पास करून दे की."

नकाशा काढणं वेगळं आणि पास करणं वेगळं, हे तिला फोनवर समजावण्यापेक्षा नाशिक ते सोलापूर प्रवास करणं मला सोपं वाटलं.

गुरुवार: गल्ली

रिक्षावाल्यानं मला नवी पेठेच्या तोंडाशी उतरवलं. अक्काची गल्ली पेठेच्या मागे आहे. "आत रिक्षा जात न्हाय, काका," तो म्हणाला, "आत फक्त माणसं जात्यात." बॅग कधी खांद्यावर, कधी डोक्यावर घेत, साड्यांची आणि सोन्याची दुकानं ओलांडत मी गल्लीत शिरलो. दुकानांच्या पायऱ्यांवर बायका चपला काढून अशा निवांत बसल्या होत्या, जणू साडी घेणं हे दिवसभराचं काम आहे. नाशिकला आम्ही खरेदी उभ्यानं करतो.

अक्काचं घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि वर स्लॅब. दाजी कापडाच्या दुकानात नोकरीला होते. त्यांनी घर बांधलं तेव्हाच खांबांच्या सळ्या गच्चीवर हातभर बाहेर ठेवल्या होत्या, पुढे मजला चढवायचा म्हणून. दाजी आठ वर्षांपूर्वी गेले. सळ्यांना गंज चढला. त्यांच्या टोकांवर अक्कानं प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातल्या आहेत आणि सळ्यांना दोरी बांधून ती कपडे वाळत घालते.

दोन खोल्यांत चार माणसं. अक्का स्वतः शाळेतून निवृत्त झालेली, आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेली. मुलगा महेश चादरींच्या कारखान्यात माल रवाना करण्याच्या विभागात. सून सुनंदा परिचारिका, तिचं रुग्णालय घरापासून चालत दहा मिनिटांवर. आणि नात रेणुका बारावीत. ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुस्तक ठेवून उभ्यानं अभ्यास करते, कारण बसायला जागा केली की फ्रिजचं दार उघडत नाही.

रात्री जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही होतं. सोलापूरची कडक भाकरी म्हणजे पापड आणि भाकरी यांच्यातला समझोता. माझ्या पुढच्या दातांना तो मान्य झाला नाही, म्हणून दह्यात बुडवून खाल्ली. जेवताना महेशनं विषय काढला.

"मामा, तुम्ही आलात ते बरं झालं. पण मी सांगतो, परवानगी मिळणार नाही. गावाबाहेर एक नगरी होतेय. रो-हाऊस, बाग, सगळं. या महिन्याअखेर मी तिथं नाव नोंदवणार."

"नोंदव," अक्का म्हणाली. "मी इथंच राहणार."

 सुनंदानं माझ्या ताटात चटणी वाढली. या घरात ती बोलत नाही तेव्हा वाढते, हे माझ्या लक्षात आलं.

शुक्रवार: कार्यालय

परवानगीच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात एक मोठं पोस्टर होतं. एक हसरं कुटुंब, मागे चौकोनी इमारती आणि वर अक्षरं: "शहर आत वाढवू या." खाली बारीक टाइपात सरकारचं धोरण दिलं होतं. शहराबाहेर पसरत जाण्यापेक्षा आतल्या रिकाम्या जागा भरा, जुन्या घरांवर मजले चढवा, पाणी, गटार, रस्ते आयते आहेत त्यांचा उपयोग करा. मी ते दोनदा वाचलं. इतकं शहाणं धोरण मी नोकरीत असताना पाहिलं नव्हतं. अक्काला म्हटलं, "बघ, हे तर तुझ्याच घराबद्दल लिहिलंय."

"मीही पहिल्यांदा असंच म्हटलं होतं," ती म्हणाली.

साहेब तरुण होते आणि फार सज्जन. मी त्यांच्याच खात्यातला, हे कळल्यावर त्यांनी चहा मागवला. मग अक्काची फाइल उघडली.

"सर, तुम्हाला मी काय सांगणार. गल्ली साडेचार मीटरची आहे. मजला चढवायचा तर समोरचा रस्ता सहाचा हवा."

"पण धोरण तर मजले चढवा म्हणतंय," अक्का म्हणाली.

"धोरण चढवा म्हणतंय, मॅडम. नियम रस्ता मागतोय."

"मग रस्ता रुंद करा."

"केलाय की," साहेबांनी विकास आराखड्याचा कागद पसरला. "हा बघा, नऊ मीटर." कागदावर गल्ली खरोखर नऊ मीटर रुंद होती. एक सरळ लाल रेषा अक्काच्या पुढच्या खोलीतून गेली होती. रेषा कधी आखली गेली ते साहेबांना ठाऊक नव्हतं. प्रत्यक्षात रस्ता कधी रुंद होईल, तेही नव्हतं. मात्र रेषा असेपर्यंत पुढच्या खोलीवर काही बांधता येत नव्हतं. राहिलेल्या जागेत दोन्ही बाजूंनी मोकळी जागा सोडायची होती. साहेबांनी वजाबाकी केली. चार फूट उरले.

"चार फुटांत काय बसेल?" अक्कानं विचारलं.

"जिना बसेल."

"आणि जिन्यावरून वर गेल्यावर?"

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. "वर काही बसणार नाही."

त्यांनी एक उपाय मात्र सुचवला. शेजारचा पडीक प्लॉट आणि त्यापलीकडचं घर अक्कानं आपल्या जागेला जोडून घ्यावं. मग एक नाही, सात मजल्यांना परवानगी मिळेल, वर सवलतही. पडीक प्लॉटचा मालक पुण्यात असतो आणि त्याच्या भावंडांचा दावा न्यायालयात आहे. तिथं सध्या बाभळी आणि डुकरं आहेत. अक्काला एक खोली हवी होती, तिला सात मजले मिळत होते.

"नाहीतर बाहेर घ्या ना," साहेब कळवळ्यानं म्हणाले. "बाहेर सगळं मोकळं. रस्ते रुंद आखलेले. तिथं आमच्याकडं काही अडत नाही."

अक्कानं पदर सावरला. वर्गात ती अवघड प्रश्न विचारण्याआधी हेच करायची, असं तिचे विद्यार्थी सांगतात. "आणि मी न विचारता बांधलं तर?"

साहेबांनी दाराकडे पाहिलं. "मॅडम, हे मी ऐकलं नाही. पण अनधिकृत बांधकामं नियमित करायची योजना अधूनमधून येत असते."

"म्हणजे विचारलं तर नाही. न विचारता केलं तर नंतर हो."

"नंतर कदाचित," साहेब म्हणाले.

परत येताना अक्का भराभर पुढे चालत होती आणि मी मागे रेंगाळत होतो. त्या लाल रेषेसारख्या रेषा मी स्वतः काढल्या आहेत. एका तालुक्याच्या गावाच्या आराखड्यात आमच्या साहेबांनी दोन ठिपके दाखवले आणि म्हणाले, जोडा. जेवणाची सुटी व्हायला दहा मिनिटं होती. मी पट्टी ठेवली आणि जोडले. खाली कुणाची घरं आहेत हे मी पाहिलं नाही, कारण त्या नकाशात घरं दाखवलेलीच नव्हती. रेषा सुरेख आली होती. साहेबांनी कौतुकही केलं होतं. नवी पेठेच्या गर्दीत हे मी अक्काला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डबा काय होता त्या दिवशी?" मला आठवेना.

शनिवार: पाणी

नाशिकला नळाला रोज पाणी येतं आणि आम्ही त्याबद्दल तक्रार करतो. सोलापुरात ते काही दिवसांआड येतं आणि लोक त्याचं स्वागत करतात. शनिवारी सकाळी गल्लीत एकाच वेळी सगळ्या पाण्याच्या मोटारी घुमू लागल्या. मीही बादल्या उचलल्या आणि पाचव्या बादलीला कंबर धरली. मग मला बाकावर बसवून ठेवण्यात आलं.

तिथं शेजारच्या लक्ष्मीबाई भेटल्या. विणकर घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्या दोन घरं सोडून एका खोलीत भाड्यानं राहतात आणि टॉवेलच्या कडा शिवायचं काम करतात. त्यांना सरकारी योजनेत गावाबाहेर स्वतःचं घर मिळालंय, असं अक्कानं सांगितलं, तेव्हा मी विचारलं, मग इथं भाड्यानं का?

"घर चांगलं आहे हो," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "टाइल्स आहेत, खिडकीला काच आहे. पण तिथून इथं कामाला यायला दोन बस. सकाळचा अर्धा दिवस बसमध्येच. माल घ्यायला गेलं की शेठ म्हणतो, उशीर झाला, दुसरीला दिला. मग कुलूप लावून आलो. सणाला जाऊन झाडून येतो."

"सरकारी माणूस तपासायला येत नाही?"

"येतो की. कुलूप बघून जातो. लिहून नेतो, घर दिलं म्हणून."

रविवार: हुरडा

महेशनं पाहिलेल्या नगरीची जागा दाखवायला कंपनीची फुकट बस होती आणि तिथं पोचल्यावर हुरडा पार्टी. अक्का म्हणाली, "हुरड्याला मी येते. घराला नाही." आम्ही पाचही जण निघालो. बसमध्ये कंपनीचा एक तरुण माइक घेऊन उभा होता, टाय लावलेला.

शहराच्या ऐन पोटात बस एका बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला लागून गेली. भिंत संपता संपेना. आत एक धुराडं आणि बाभळीचं रान. स्टेशन जवळ, बाजार जवळ, शाळा जवळ.

"इथं घरं का बांधत नाहीत?" मी विचारलं.

"ती जागा धोरणाची वाट बघतेय, सर," तो तरुण म्हणाला. "आमची जागा रेडी आहे."

मग शहर संपलं आणि ज्वारी लागली. आणि ज्वारीतून कमानी उगवू लागल्या. प्रत्येक कमानीवर दोन हत्ती आणि एका नगरीचं नाव, आत मात्र चुन्याचे पट्टे आणि दगडी खुंट्या. एका कमानीतून आत गेलेला डांबरी रस्ता शंभर पावलांवर संपून पुन्हा ढेकळं लागली होती. एक शेळी त्या डांबरावर ऊन खात बसली होती. माहितीपत्रकात आमची नगरी "शहरापासून पाच मिनिटांवर" होती. सुनंदानं घड्याळ पाहिलं. पाऊण तास झाला होता.

"शहरापासून म्हणजे नव्या हद्दीपासून, मॅडम," तरुणानं खुलासा केला. "हद्द वाढणार आहे. शहर आपल्याकडं येतंय."

नगरीच्या दाराशी कारंजं होतं आणि त्याला नळी लावून उभा एक टँकर. नमुन्याचं घर खरंच छान होतं. रेणुकानं वरच्या खोलीत जाऊन दार लावून पाहिलं आणि पुन्हा उघडलं, दोन-तीनदा. अक्कानं हात धुवायला नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. तो भिंतीवर नुसता बसवलेला होता. मी हिरवळीवरून जाऊ लागलो तर पायाखालची हिरवळच सरकली. ती गालिच्यासारखी आणून अंथरलेली होती. मी पँटसकट चिखलात बसलो. नमुन्याच्या घरात पाणी नसल्यामुळे मला कारंज्यात धुवावं लागलं आणि आलेल्या तीन कुटुंबांनी ते पाहिलं.

हुरडा नगरीच्या कडेला, अजून न आखलेल्या तुकड्यात होता. एक वयस्कर गृहस्थ आगटीत कणसं भाजून तळहातावर चोळत होते. गोड, कोवळे दाणे, सोबत शेंगांची चटणी आणि गूळ. असा हुरडा मी जन्मात खाल्ला नव्हता. अक्कानं त्यांना कानडीत विचारलं, "ऊट आय्ता?" म्हणजे जेवण झालं का. शाळेत कानडी घरातली मुलं असायची, त्यांच्याकडून ती शिकली. गृहस्थ खुलले. नाव शिवलिंगप्पा.

"ही जमीन कुणाची?" मी विचारलं.

"माझीच की. म्हंजे व्हती. आमा दोघा भावांची. आता कंपनीची. मी हितं राखणीला हाय."

"म्हणजे स्वतःच्या शेताची राखण करता?"

"व्हय. पयलं फुकट करत व्हतो, आता पगार हाय." ते हसले नाहीत, हे मी लिहून ठेवतो.

महेश शेजारी बसला होता. त्यानं विचारलं, "काका, इथं कुठलं घर घेतलंत? पुढच्या रांगेतलं का?"

"हितं?" शिवलिंगप्पांनी कणीस आगटीत उलटलं. "हितं कोण राहतंय? आमी गावात राहतो, भाड्यानं. नवी पेठंच्या पल्याड. नातवंडांची शाळा तितं, दवाखाना तितं. बायकोला दम्याचा तरास हाय. हितनं दवाखान्याला न्यायाचं म्हटलं तर गाडी कुटं गावती? सकाळी मोपेडवर येतो, दिवस मावळायला जातो."

महेशनं हातातला हुरडा खाल्ला नाही. बराच वेळ तो नुसता चोळत राहिला.

सुनंदा त्या टायवाल्या तरुणाकडे गेली. "माझी पाळी कधी पहाटे सुटते. त्या वेळी इकडं बस असते?"

"मॅडम, दुचाकी घ्यायची. ओपन रोड आहे."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या पुढच्या बाकावर अक्काशेजारी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, मी इथं येणार नाही." आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. महेश खिडकीबाहेर कमानी बघत होता. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "मामा, मला बाग नको होती. कारंजं तर नकोच. रेणुकाला एक दार हवं, लावून घेता येईल असं. तेवढंच बघत होतो."

 त्या रस्त्यांच्या कडेच्या सगळ्या कमानी मला एकाएकी अशाच माणसांच्या भरवशावर उभ्या दिसल्या.

सोमवार: पत्र

सकाळी अक्का म्हणाली, "सुधा, कागद घे. मजला काढ."

"परवानगी नाही, अक्का."

"परवानगी विचारत नाही मी. मजला काढ म्हणते."

रेणुकाच्या चित्रकलेच्या कागदावर मी मजला काढला. एक खोली रेणुकाची, एक महेश-सुनंदाची, मध्ये न्हाणीघर. गच्चीवर जाऊन खांब मोजले. सळ्यांचा गंज खरवडून पाहिला, आतलं लोखंड चांगलं होतं. तरी एका जाणत्या अभियंत्याला पायाचा भार दाखवून घ्यायला महेशला बजावलं. चाळीस वर्षं चोरून बांधकाम करणाऱ्यांना नावं ठेवत आलेली अक्का शेजारी बसून पत्र लिहीत होती. मला वाटलं, शेजाऱ्यांच्या संमतीचं असेल. तिनं ते वाचून दाखवलं.

"मी विनापरवाना मजला बांधणार आहे. काम येत्या गुरुवारी सुरू होईल. चोरून बांधणं मला जमणार नाही, म्हणून आधी कळवत आहे. आपल्या पोस्टरवर जे लिहिलं आहे, तेच मी करत आहे. सोबत नकाशा जोडला आहे."

दुपारच्या आत आम्ही कार्यालयात गेलो. आवक खिडकीवरच्या कारकुनानं पत्र वाचलं आणि परत सरकवलं. "आजी, असलं पत्र घेता येत न्हाय."

"का? तक्रारी घेता की."

"ही तक्रार न्हाय. ह्ये तर..." त्याला शब्द सापडेना.

"कबुली," अक्का म्हणाली. "शिक्का मारा."

तो साहेबांना घेऊन आला. साहेबांनी पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा खरंच उतरला. "मॅडम, हे आम्ही घेतलं तर आम्हाला कारवाई करावी लागेल."

"करा. तुमचं कामच आहे ते."

"अहो, पण न कळवता बांधा ना. सगळे तसंच करतात. कुणी काही म्हणत नाही. पुढं योजना आली की नियमित होऊन जाईल." मग माझ्याकडे वळून, "सर, तुम्ही तरी समजवा."

एकतीस वर्षं नोकरी करूनही, कायदा मोडणाऱ्यानं निदान गुपचूप मोडावा म्हणून अधिकाऱ्यानं केलेली विनवणी मी पहिल्यांदा ऐकली. मी म्हणालो, "साहेब, माझं ती कधी ऐकत नाही." अक्का खिडकीसमोरच्या बाकावर बसली. घरून तिनं चटणी-भाकरी बांधून आणली होती. आम्ही ती तिथंच खाल्ली. कारकुनालाही दिली, आणि त्यानं घेतली. दुपारी चारला त्यानं शिक्का मारला.

नाशिक

मी मंगळवारी परतलो. गुरुवारी काम सुरू झालं. सामान गाढवांवरून गल्लीत नेलं, कारण आत ट्रक जात नाही. लक्ष्मीबाई रोज दुपारी कामगारांना चहा करत होत्या, असं सुनंदानं फोनवर सांगितलं. ती आता फोनवर चांगली बोलते. पुढच्या महिन्यात स्लॅब टाकून झाला. रेणुका वर राहायला गेली, तेव्हा भिंतींना गिलावा नव्हता, पण दार होतं.

मग नोटीस आली. बांधकाम का पाडू नये, याचा खुलासा करा. गल्लीत त्या वर्षात तीन मजले चढले होते, सगळे चोरून. नोटीस एकट्या अक्काला आली, कारण नाव, पत्ता आणि नकाशा फक्त तिचाच कार्यालयाकडे होता. महेश चिडला. मलाही वाटलं, हिच्याकडून प्रामाणिकपणाची दंडवसुली चालू झाली. अक्का मात्र पेपर तपासत असल्यासारखी शांत होती. पाडतील का, म्हणून मी तिला विचारलं, तर म्हणाली, "पाडतीलही. मला माहीत नाही. पण काय पाडतोय ते त्यांना माझ्यासमोर बसून वाचावं लागेल."

सुनावणी येत्या सोमवारी आहे. मी तिकीट काढलं आहे. परवा रात्री अक्काचा फोन आला. खुलाशात सगळं लिहून झालं होतं, एक रकाना तेवढा रिकामा होता: नकाशा तयार करणाऱ्याचं नाव.

"तुझी पेन्शन आहे, सुधा," ती म्हणाली. "म्हणून विचारते. नाव घालू का?"

माझ्या नोकरीत एकाही नकाशावर माझं नाव आलं नाही. खाली सही साहेबांची असायची.

"घाल," मी म्हणालो. "पूर्ण नाव घाल."